एक्केचाळीस निरंक

पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘भोवत्या – स्थिर’.

मी खुर्चीतून उठले, ती हात वर करायचंही विसरून. पुण्यातल्या पक्षी-अभ्यास संस्थेचं सभागृह दीडशे माणसांनी भरलेलं होतं. एसी चालू होता आणि सगळे कसे शांतपणे वह्यांत लिहून घेत होते. मला आधी त्या शांतपणाचाच राग आला.

“स्थिर म्हणजे काय हो, सर?”

मंचावरचे डॉ. बेहेरे थांबले. “प्रश्न शेवटी घेऊ या आपण.”

“शेवटी नको, आत्ताच घ्या. चार हिवाळे झाले, दर रविवारी माळावर उभी राहतेय मी. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी त्रेसष्ट भोवते मोजले होते. त्रेसष्ट! या वर्षी सबंध हिवाळ्यात एक आला. एकच. आणि तुम्ही इथं गारव्यात बसून स्थिर म्हणताय? कुणी बघायला आलं होतं का तिकडं?”

माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई हसल्यासारख्या दिसल्या, तर मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चष्माच काढून पुसायला घेतला.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर चाचा होते. दस्तगीर मुलाणी. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत रजिस्टर. त्यांनी माझी ओढणी हळूच ओढली. “बस. ऐकून घे आधी.”

मी बसले नाही.

त्या वेळी मी एकोणतीस वर्षांची होते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, अजूनही आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा, सगळं. ‘घोगरे मॅडमकडचा फॉर्म परत येत नाही’ अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला भलता तोरा होता. चाचा समोरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. बत्तीस वर्षं त्या खिडकीत बसून त्यांनी गाड्या आत घेतल्या आणि बाहेर सोडल्या. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून रोज माझ्या दुकानात पेपर वाचायला यायचे. त्यांनीच एकदा मला गावामागच्या टेंभ्याच्या माळावर नेलं आणि भोवते दाखवले.

भोवत्या म्हणजे घारीच्या कुळातला, पण अंगानं सडपातळ पक्षी. कझाकस्तानातून हिवाळा काढायला आमच्याकडे येतो. दिवसभर टोळ, उंदीर टिपतो आणि दिवस कलला की गवतावरून अगदी खालून, तरंगत तरंगत येतो. झाडावर बसत नाही हा. दोन-चार घिरट्या घालतो आणि गुडघाभर गवतात जमिनीवर झोपायला उतरतो. असे साठ-साठ पक्षी एका माळावर उतरताना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरी परत जाऊन जेवलेसुद्धा नाही.

मग पुण्याच्या संस्थेचं आवाहन आलं. माळरानाच्या पक्ष्यांची पाहणी करायची होती, स्वयंसेवक हवे होते. आम्ही गट केला. कागदावर सात जण, माळावर दोघं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी सूर्य मावळायच्या आधी तासभर आम्ही दोन दगडांवर दोन दिशांना तोंडं करून बसायचो. चाचा रजिस्टरात लिहायचे. डेपोची सवय जाईना, त्यांनी भोवत्यांसाठीसुद्धा ‘येण्याची वेळ’, ‘प्रत्यक्ष वेळ’, ‘शेरा’ असे रकाने आखले होते. मी चिडवायचे, “चाचा, प्लॅटफॉर्म नंबर राहिला की!” सोमवारी ते दुकानात यायचे, मी त्यांच्या रजिस्टरावरून नोंद संस्थेच्या वेबसाइटवर भरायची. “गेलं का?” असं ते विचारायचे. “गेलं,” म्हणायचे मी.

पुण्याला आम्ही नुसता चहा-बिस्किटं खायला आलो नव्हतो. माळावर झाडं लावायची सरकारी योजना मंजूर झाली होती. सलग चर खोदायचे आणि पन्नास हजार रोपं लावायची. झाडं म्हटलं की लोक टाळ्याच वाजवतात, तिथं गवतात झोपणाऱ्या पक्ष्याचं कोण ऐकणार? तालुका कचेरीतल्या साहेबांच्या मागे लागून लागून मी एवढंच पदरात पाडून घेतलं होतं की, पुण्याच्या अहवालात भोवत्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या पक्ष्यांत आला, तर टेंभ्याचा माळ योजनेतून वगळतील. नाही आला, तर पावसाआधी मशिनं लागतील. अहवालात तीन रंग होते : लाल, पिवळा, हिरवा. आणि आमचा भोवत्या हिरव्यात जाऊन बसला होता.

“ताई, तुमचा गट कोणता?” बेहेऱ्यांनी विचारलं. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. त्यानं मी आणखीच पेटले.

“टेंभ्याचा माळ. जिल्हा सोलापूर.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अहो, मग तुमचीच नोंद तर मी सगळ्यांना दाखवणार होतो!” त्यांनी कीबोर्डवर काहीतरी केलं. पडद्यावर आमच्या माळाचं नाव आलं, मी स्वतः टाइप केलेलं. “हे बघा. चार हिवाळे, सत्तावीस फेऱ्या. आणि भोवत्या किती फेऱ्यांत दिसला? सत्तावीस. शंभर टक्के! राज्यात एवढी भक्कम जागा दुसरी नाही.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“पण आकडे बघा ना,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच वेगळा वाटला. “पक्षी किती दिसले ते बघा.”

“त्याचं असं आहे, कुणी अंदाजानं तीस लिहितं, कुणी नेमके तीन मोजतं. प्रत्येक गटाची रीत वेगळी. म्हणून आम्ही पक्ष्यांचे आकडे धरतच नाही. किती वेळा गेलात आणि त्यांतल्या किती वेळा दिसला, एवढंच बघतो. दहापैकी दहादा दिसणारा पक्षी पुढं दहापैकी दोनदा दिसायला लागला, तर तो धोक्यात. तुमच्याकडे दरवर्षी शंभर टक्केच आहे. मग मी स्थिर नाही म्हणू तर काय म्हणू?”

मी खाली बसले.

मागून एका तरुण मुलीनं विचारलं, “सर, पण यांच्या फेऱ्या कमी होत गेल्यात. पंधरा, सात, चार, एक.”

“हो,” बेहेरे म्हणाले, “ते स्वयंसेवकांचं होतंच हो सगळीकडे. पहिल्या वर्षी उत्साह असतो, मग कंटाळा येतो. आपण समजून घेतलं पाहिजे.”

“कंटाळा?”

चाचा उभे राहिले होते. बत्तीस वर्षं स्टँडवर माइकशिवाय गाड्या पुकारलेला तो आवाज. सभागृहात कागद हलायचा थांबला.

“कोन कंटाळलं, सायेब?”

“तसं नाही, काका, मी सर्वसाधारण...”

“अडुसष्ट रविवार झाले. एक चुकला न्हाई. सुनेचं बाळंतपण होतं त्या रविवारीबी मी माळावर होतो. ताप आला तर कानटोपी घालून गेलो. ह्यात हाय सगळं.” त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि वर धरलं. “अडुसष्ट. सत्तावीस कुठनं आले?”

बेहेऱ्यांनी पडद्याकडे बघितलं, मग रजिस्टराकडे.

चाचा माझ्याकडे वळले. “वर्षा, बाकीच्या फेऱ्या कुठंयत?”

दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. मघाशी हीच माणसं बघावीत म्हणून मी उभी राहिले होते.

“मी भरल्या नाहीत,” मी म्हणाले.

“का?”

“त्या दिवशी एकही आला नव्हता ना, चाचा. काय भरणार?”

“मी लिहिलं होतं की. निरंक.”

“निरंक भरून काय...” मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. “दर आठवड्याला शून्य पाठवलं असतं तर हे म्हणाले असते, त्या माळावर काहीच नाही. मोकळाच आहे, लावा झाडं! मी माळ वाचवायला बघत होते. फक्त दिसले ते दिवस पाठवले. चांगले दिवस पाठवले.”

“आणि मला काय सांगत हुतीस दर सोमवारी?”

‘गेलं’ म्हणत होते. एक्केचाळीस सोमवार मी त्यांच्या तोंडावर ‘गेलं’ म्हणाले होते, आणि ते समाधानानं चहा पिऊन घरी गेले होते.

चाचा मंचाकडे गेले. रजिस्टर बेहेऱ्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. लाल शाईनं, ठसठशीत अक्षरात एकाखाली एक लिहिलेलं होतं. तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, वारा, धुकं, आणि शेऱ्यात : निरंक. निरंक. निरंक. बेहेरे पानं उलटत गेले. त्या माणसाचा सभ्यपणा हळूहळू उतरला आणि खाली फक्त एक थकलेला माणूस उरला.

“ही नोंद असती तर...” ते म्हणाले.

“तर काय झालं असतं?”

“सतरापैकी पंधरा. मग सात, चार, एक. काका, इतकी स्वच्छ उतरण मला अख्ख्या राज्यात कुणी दिलेली नाही. भोवत्या लाल यादीत गेला असता.”

“मग घाला.”

“अहवाल छापून झालाय. परवा मुंबईला जातोय. नोंदी घ्यायची मुदत मार्चमध्ये संपली.” त्यांनी चष्मा काढला. “पुढचा आढावा चार वर्षांनी.”

“हातात कागद आला तरी घेता येत न्हाई?”

“एका गटाचं आत्ता घेतलं तर उद्या प्रत्येक जण वही घेऊन येईल. नाही घेता येत, काका. मलाही चीड येतेय.”

त्यांना चीड आली, यानं मला काही बरं वाटलं नाही. मी तशीच बाहेर पडले.

परतीच्या गाडीत चाचा माझ्या शेजारी बसले नाहीत. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मी सहा रांगा मागे. हडपसर सोडलं, यवत गेलं, तरी त्यांची मान वळली नाही. मी मनातल्या मनात भांडत होते. आधी बेहेऱ्यांशी, मग त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीशी, मग त्या कचेरीतल्या साहेबांशी. एकेकाला झोडपून झालं आणि शेवटी दुकानातल्या खुर्चीवर बसलेली मीच उरले. फॉर्म परत येऊ द्यायचा नाही. रिकामं काही पाठवायचं नाही. एवढी हुशार होते मी!

भिगवणला गाडी थांबली. चाचा खाली उतरून चहाच्या टपरीशी उभे राहिले. मी गेले.

“चाचा, चुकलं माझं.”

ते कपात बघत राहिले.

“बोला तरी काहीतरी. शिव्या द्या.”

“ब्याऐंशी साली मी खिडकीवर नवा हुतो,” ते म्हणाले. “खडकेवाडीची सांजची सव्वासहाची गाडी आली न्हाई. समोर ही गर्दी. आली तर वेळ लिहायची. आली न्हाई तर काय लिहायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. रकाना तसाच सोडला. पाळी बदलली. पुढच्यानं रिकामा रकाना बघितला, त्याला वाटलं, गाडी आली आसंल, लिहायची राहिली आसंल. तोबी गप बसला.”

“आणि गाडी?” मी विचारलं.

“गाडी ओढ्यात पडली हुती. गावापास्नं चार मैलांवर. पाशिंजर वाटंतच उतरले हुते, आत एकटा ड्रायव्हर. यशवंता नाव. स्टेअरिंगखाली पाय अडकलेला. पहाटेपातुर हाका मारत हुता म्हनं. शोधायला कोन जानार? रजिस्टरात गाडी चुकलेलीच नव्हती.”

“वाचला का?”

“न्हाई.”

त्यांनी कप ठेवला. कंडक्टरनं घंटी मारली.

“त्या दिवसापास्नं मी रकाना रिकामा सोडला न्हाई. आली तर वेळ, न्हाई आली तर निरंक. निरंक लिहिलं की कुनीतरी इचारतं, का? मग मानूस उठतो, शोधतो.” ते गाडीकडे निघाले आणि पायरीवर पाय ठेवून वळले. डोळे लाल झाले होते. “मी चार वर्षं लिहीत हुतो आन् तू फाडत हुतीस. माझ्याशी बोलू नको आता.”

चाचांच्या सुनेकडून रजिस्टराच्या पानांचे फोटो मागवून मी त्याच आठवड्यात सगळे एक्केचाळीस रविवार भरले. तारीख, वेळ, वारा, शून्य. बेहेऱ्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं : मिळाले, पुढच्या आढाव्यात नक्की धरू. कचेरीतल्या साहेबांकडे गेले. त्यांनी छापील अहवाल उघडला, हिरव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्याच लोकांनी लिहिलंय. शंभर टक्के सुखरूप आहे तुमचा पक्षी. इथं झाडं लावली तर त्याला बसायला आणखी जागा होईल, नाही का?” मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. तो परत ठेवला, एवढंच माझ्या शहाणपणाचं सांगण्यासारखं.

मे महिन्यात मशिनं आली. माळ उभा-आडवा चिरला. जुलैत गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपं लागली. वेशीवर मोठा फलक लागला, त्यावर हसणारे चेहरे आणि ‘हरित टेंभा’. गावात पेढे वाटले. माझ्याही दुकानात आणून दिले, मी पुडा उघडला नाही.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. मी एकटीच जायचं ठरवून गेले. चर ओलांडून दगडापाशी पोचले, तर पलीकडच्या दगडावर चाचा बसलेले. सहा महिने त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. माझ्याकडे बघितलंही नाही. तासभर आम्ही दोन दिशांना बघत बसलो. काही आलं नाही. अंधारून आल्यावर ते उठले, माझ्याजवळ आले आणि रजिस्टर माझ्या मांडीवर टाकलं. वर लाल पेन. त्या रजिस्टरात त्यांनी आजवर कुणाला लिहू दिलं नव्हतं.

मी लिहिलं, ‘आज एकही नाही’.

त्यांनी वाकून वाचलं, पेन ओढून घेतलं आणि ती ओळ खोडली. “निरंक लिही. अक्षर मोठं काढ. वाचता आलं पायजे.”

त्या दिवशी ते एवढंच बोलले. पुढं बोलू लागले, पण माझ्या दुकानात पेपर वाचायला पुन्हा कधी आले नाहीत. सोमवारी पायरीखाली उभं राहून मात्र विचारायचे, “गेलं का?” मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवायची. ते स्वतः वाचायचे आणि मगच जायचे.

चार वर्षं उलटली आणि हिवाळ्याच्या तोंडाला नवा अहवाल आला. भोवत्या लाल यादीत गेला. सोबत बेहेऱ्यांचं पत्र होतं, संस्थेच्या कागदावर, गटाच्या नावानं. त्यात लिहिलं होतं की हा पक्षी धोक्यात असल्याचा राज्यातला सर्वांत ठोस पुरावा टेंभ्याच्या माळाच्या नोंदींतून मिळाला, आणि विशेषतः शून्याच्या नोंदींबद्दल संस्था आमची ऋणी आहे. यापुढं जिथं भोवते उतरतात त्या माळांवर झाडं लावू नयेत, अशी शिफारस सरकारकडे गेली होती.

त्या रविवारी मी चाचांना स्कूटरवर मागे बसवून माळावर नेलं. त्यांचे गुडघे गेले होते. सुबाभळी डोक्याच्या वर गेल्या होत्या. दगडावर बसून सूर्य कुठं मावळतो तेही नीट दिसत नव्हतं, फांद्यांतून नुसती लाली. त्यांना टेकायला माझी शाल दिली आणि पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘ऋणी आहे’ हे दोनदा वाचलं. वाटलं होतं, आज तरी म्हणतील, जाऊ दे पोरी.

त्यांनी पत्र हातात घेतलं, उलटं करून मागं काही लिहिलंय का बघितलं, आणि घडी घालून मला परत दिलं.

“आज किती आले?”

“एकही नाही, चाचा.”

“मग पत्र काय वाचत बसलीस?” रजिस्टर त्यांनी माझ्या मांडीवर आदळलं. “लिही.”